डोंगर जळाल्यानंतरचं पाणी

अग्नी सगळं काही शुद्ध करतो. हे वाक्य मी इतक्या व्यासपीठांवरून आणि इतक्या गंभीर चेहऱ्यांकडून ऐकलं आहे की साठी उलटेपर्यंत मला ते खरंच वाटत होतं. मग आमच्या लेआउटमागचा डोंगर जळाला. त्या शुद्धीकरणानंतर नळाला जे आलं, त्याने फरशी पुसायलाही आमच्या कामवाल्या बाईंनी नकार दिला.

आम्ही देवनहळ्ळीच्या पलीकडे राहतो. प्लॉट पाडून वसवलेल्या वसाहतीला इथे लेआउट म्हणतात. नवऱ्याच्या निवृत्तीनंतर पुण्याहून इथे आलो, शांततेसाठी. दर काही मिनिटांनी डोक्यावरून विमान जातं, हे माहितीपत्रकात नव्हतं. कावेरीचं पाणी आमच्यापर्यंत पोचलेलं नाही, ते येणार असल्याचा फलक तेवढा पोचला आहे. बोअरवेलचं पाणी इतकं जड होतं की चहाच्या भांड्याला आतून चुना फासल्यासारखा दिसायचा. म्हणून बिल्डरने डोंगराच्या पायथ्याचं जुनं तळं दुरुस्त केलं. तळ्याला इथे केरे म्हणतात. काठावर पत्र्याची शेड, तिच्यात वाळूचे दोन फिल्टर, तुरटीची टाकी आणि क्लोरीनचा पिंप. शेडवर ‘जलशुद्धीकरण केंद्र’ असा तीन भाषांतला फलक, शेडपेक्षा थोडा मोठा. शुद्ध झालेलं पाणी पंपाने डोंगराच्या खांद्यावरच्या टाकीत चढवायचं आणि तिथून ते आपल्या वजनाने घराघरांत उतरायचं.

हे सगळं एक माणूस चालवत असे. त्यांना सगळे अण्णा म्हणत. माझ्यापेक्षा वयाने लहान, पण मीही अण्णाच म्हणायचे आणि ते मला अक्का म्हणायचे. त्यांचं घराणं शहरातल्या जुन्या चिकपेटेतल्या कापड-रंगाऱ्यांचं. “फौजेमागून आलो. फौज गेली, आम्ही राहिलो,” असा तीन-चारशे वर्षांचा इतिहास ते एका वाक्यात संपवत. त्यांच्या मराठीत निम्मी कन्नड होती आणि उरलेली निम्मी माझ्या पणजीच्या काळातली असावी. मी रोज सकाळी फिरायला जायचे ती खरं तर ती भाषा ऐकायला.

शेडला लागून दोन खोल्या होत्या. अण्णा आणि त्यांची बायको तिथे राहत. चिकपेटेतल्या घरातला वाटा भावांनी कधीच विकला होता. “ही नोकरी गेली की डोक्यावरचा पत्राही गेला,” असं ते हसत सांगायचे. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं, पण त्यांना बऱ्याच गोष्टी हसत सांगायची सवय होती.

त्यांची एक पद्धत होती. रोज पहाटे ते पांढऱ्या मलमलीची एक पट्टी गाळलेल्या पाण्यात बुडवत आणि शेडमधल्या तारेवर वाळत घालत. पट्टीच्या कोपऱ्यात पेन्सिलीने तारीख. पट्टी वाळली की तिच्या कडेला पाण्याची जी रेघ उमटे, ती उजेडाला धरून बघायची. रंगारी पाणी असंच पारखायचे म्हणे, कारण पाणी वाईट असेल तर साडीचा सगळा घाणाच वाया जाणार. माझा नवरा यंत्र-अभियंता. त्याला ही पद्धत फार करमणुकीची वाटायची.

“तारेवर पाणी वाळत घालणारा हा जगातला एकमेव ऑपरेटर,” तो म्हणायचा.

“तुमच्या कारखान्यात काय वाळत घालायचे?”

“आम्ही रिपोर्ट लिहायचो.”

“ते वाळायचे का कधी?”

फेब्रुवारीच्या शेवटी डोंगर पेटला. कोणी पेटवला ते कळलं नाही. शनिवारी वर तंबू ठोकायला येणाऱ्यांनी, असं गावकरी म्हणत. गुरांना कोवळं गवत मिळावं म्हणून गावकऱ्यांनी, असं तंबूवाले म्हणत. गवत वाळलेलं, मध्ये घाणेरीची झुडपं, वर निलगिरी. दोन दिवस डोंगर जळत होता आणि आमचा लेआउट गच्चीवरून चित्रीकरण करत होता. लेआउटच्या ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, जणू सोन्याचा हारच. त्यावर बरेच अंगठे आले.

आग विझली तशी बातमी संपली. अण्णांचं काम तेव्हा सुरू झालं. पंपाची वायर जळाली होती. टाकीकडे चढणारा आणि टाकीकडून उतरणारा, दोन्ही काळे प्लास्टिकचे पाइप जागोजागी मेणबत्तीसारखे ओघळले होते. ठेकेदार आला. त्याने जळका भाग कापून तिथेच जोड द्यायला घेतला. अण्णा म्हणाले, दोन्ही बाजूंनी अजून दोनशे दोनशे फूट कापा.

“चांगला आहे की पाइप. जळालाय कुठे?” ठेकेदार म्हणाला.

“जळाला नाही, पण भाजलाय. आतलं पाणी उतरून गेलं, पाइप रिकामा पडला, त्याने धूर आत ओढलाय. प्लास्टिक धूर पितं. आता तो रोज स्वल्प स्वल्प सोडत राहील पाण्यात.”

“अण्णा, पाइप धूर पितो, मग बिडी पण ओढतो का?”

सगळे हसले. अण्णाही हसले. जोड जळक्या भागापासून हातभर अंतरावर दिला गेला. मी तिथेच उभी होते. प्लास्टिकविषयी मला काही कळत नाही, असं म्हणून मी गप्प राहिले. ज्या विषयातलं कळत नाही त्याविषयी मी एरवी बरंच बोलते.

मार्चभर जोडकाम चाललं आणि आम्ही टँकरच्या पाण्यावर होतो. एप्रिलमध्ये वळीव आला. तासभर कोसळला. डोंगरावर पाणी अडवायला गवताची काडी उरली नव्हती, त्यामुळे सगळा उतार राखेसकट केरेत उतरला. तळं एका दुपारीत भरलं. लेआउटमध्ये जल्लोष झाला. दोन वर्षं अर्ध्यावर असलेलं तळं काठोकाठ! पाण्याचा रंग पातळ कोऱ्या चहासारखा होता आणि वर करडी साय होती. ग्रुपवर लोकांनी फोटोंचे रंग ठीक करून ते टाकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडमध्ये गेले तेव्हा अण्णांनी कॉफीच्या सहा बरण्या ओळीने मांडल्या होत्या. सगळ्यांत तळ्याचं पाणी, प्रत्येकीत तुरटीचं द्रावण वाढत्या मापाने. ज्या बरणीतला गाळ आधी खाली बसेल, तेवढी तुरटी त्या दिवशी घालायची. एरवी तिसरी नाहीतर चौथी बरणी स्वच्छ व्हायची. त्या दिवशी सहाव्या बरणीतही चहाच होता.

“तुरटी हरली, अक्का,” ते म्हणाले. “राख इतकी बारीक आहे, खाली बसायचं नाव नाही. फिल्टर दिवसातून एकदा उलटा धुवायचो, आता तासातासाला तुंबतोय. धुवायलाही स्वच्छ पाणी लागतं. ते कुठून आणू?”

“क्लोरीन जास्त घातलं तर?”

“घातलं ना. वास घ्या.”

मी वास घेतला. इस्पितळातल्या फरशीचा वास होता.

“पाल्यापाचोळ्याची राख आणि क्लोरीन मिळून काय तयार होतं ते मला वाचता येत नाही. लॅबला येतं,” ते म्हणाले. “महिनाभर तळ्याला हात लावू नये. टँकर चालू ठेवावेत. गाळ बसू दे. मग बघू.” तारेवरच्या नव्या पट्टीला पिवळट कड होती आणि कडेच्या आत राखाडी ठिपके. त्यांनी एक बाटली भरून माझ्या हातात दिली. “तुम्ही सेक्रेटरी. लॅबला द्या.”

लेआउटच्या कमिटीची सेक्रेटरी मी का होते ते सांगायला हवं. मी आयुष्यभर पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासली. एवढ्या पुंजीवर लोकांनी ठरवलं की काकूंना चांगलं लिहिता येतं. अध्यक्ष नागपूरचे, चाळिशीतले, एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत बरेच वर. हुद्द्याच्या नावात तीन शब्द होते, त्यातले दोन मला कळायचे. माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त प्रत्येक गोष्टीचं उद्घाटन करायचं असे.

लॅबचा अर्ज घेऊन मी त्यांच्याकडे गेले, कारण त्यावर अध्यक्षांची सही लागत होती.

“काकू, देऊ ना, देऊ,” ते म्हणाले. “पण आधी ऐका. केरे भरलंय. इथे तलाव भरला की बागिन अर्पण करतात, माहितीये ना?”

माहीत होतं. बागिन म्हणजे आपल्या वाणासारखं: सुपात हळदकुंकू, बांगड्या, खण, धान्य, नारळ, वर दुसरं सूप झाकायचं आणि भरलेल्या तळ्याला द्यायचं. गावातल्या बाया ते पिढ्यान्‌पिढ्या कोणालाही न बोलावता करत आल्या आहेत. अध्यक्षांनी त्यासाठी मंडप, ध्वनिक्षेपक आणि एक मान्यवर ठरवले होते. मान्यवर तळ्यात बागिन सोडणार आणि मग मंचाजवळच्या पाइपवर बसवलेलं चक्र फिरवून नव्या पाण्याचा पुरवठा सुरू करणार.

“अण्णा म्हणतात पाणी द्यायचं नाही अजून.”

“अण्णा म्हणतात! काकू, आपण डेटावर चालू या का?”

डेटा रविवारी सकाळी क्लबहाउसमध्ये झाला. आमच्या लेआउटमध्ये प्रत्येक घरी टीडीएसचं पेन आहे. पेनाएवढंच यंत्र, पाण्यात बुडवलं की विरघळलेल्या क्षारांचा आकडा दाखवतं. बोअरवेलच्या पाण्याने सगळ्यांना त्या आकड्याची इतकी दहशत बसवली होती की लोक पाहुण्यांच्या घरीसुद्धा ग्लासात पेन बुडवत. अध्यक्षांनी तळ्याच्या पाण्याची बादली मध्ये ठेवली. दहाबारा पेनं एकदम आत गेली. पावसाचं पाणी ते, क्षार असणार कुठून? आकडा इतका कमी आला की टाळ्या पडल्या.

“बाटलीबंद पाण्याइतका!” कोणीतरी ओरडलं.

माझ्या नवऱ्यानेही पेन बुडवलं होतं. त्यानेही मान डोलावली. बादलीचा तळ दिसत नव्हता, हे कोणी बोललं नाही.

अण्णा दारात उभे होते. “सार, त्या पेनाला मीठ कळतं. राख कळत नाही. धूर कळत नाही.”

“अण्णा, मग तुमच्या फडक्याला कळतं का?” अध्यक्ष म्हणाले. “आपण वॉटर प्लांट चालवतोय, धोबीघाट नाही.”

“सरी, सार,” अण्णा म्हणाले. ‘बरं’ या अर्थाचा तो शब्द. त्यात होकार नव्हता, हे तिथे फक्त मला कळलं असावं.

सूचनापत्र मी लिहिलं. पहिल्या मसुद्यात ‘पाणी पिण्यास वापरू नये’ असं होतं. अध्यक्ष म्हणाले, घबराट होईल, जरा सौम्य करा. मी ‘पिण्यापूर्वी उकळावे’ केलं. ते म्हणाले, अजून थोडं पॉझिटिव्ह. शेवटी जे गेलं ते असं होतं: ‘पावसाळी पाण्यास सुरुवातीचे काही दिवस किंचित नैसर्गिक छटा असू शकते.’ चाळीस वर्षं दुसऱ्यांची वाक्यं दुरुस्त केलेल्या माणसालाच असं वाक्य साधतं. ‘छटा’ हा शब्द मी खोडला होता, मग परत लिहिला, कारण ‘रंग’पेक्षा तो बरा वाटत होता. लॅबच्या अर्जावर सही झाली नव्हती. बाटली माझ्या फ्रीजमध्ये लोणच्याच्या बरणीशेजारी होती.

समारंभाच्या सकाळी मी अण्णांना म्हणाले, “तुम्ही आता अडवू नका. काढून टाकतील तुम्हाला.”

“माहीत आहे की.”

“मग? घर जाईल. वहिनींनी कुठे जायचं?”

ते पट्टी वाळत घालत होते. “अक्का, ह्या लेआउटमध्ये नळाचं पाणी कोण पितं? तुम्ही लोक कॅन आणता, मशीन लावता. वॉचमन पितात. माळी पितात. पलीकडे बांधकामावरची बिहारी मंडळी पितात, त्यांची पोरं पितात. त्यांच्याकडे पेनही नाही.”

मी म्हणाले, “मी कमिटीत बोलते.” हे वाक्य मी अगदी मनापासून म्हटलं होतं.

समारंभ झाला. मान्यवरांना म्हैसुरी पेट्याची पगडी, शाल आणि फळांची करंडी मिळाली. त्यांनी पाण्याला जननी म्हटलं. सूप चहाच्या रंगाच्या पाण्यावर तरंगलं आणि करड्या सायीत जरा वाट करून थांबलं. मग मान्यवर झेंडूच्या माळा घातलेल्या चक्रापाशी गेले. त्यांनी ते फिरवलं. पाइपाच्या तोंडाशी धरलेल्या कलशात काही पडलं नाही. त्यांनी आणखी फिरवलं. चक्र फिरायचं संपलं. वर टाकीच्या तोंडाशी आणखी एक झडप आहे, हे अण्णांखेरीज कोणाला ठाऊक नव्हतं. फोटो मात्र निघाला होता, म्हणून टाळ्या वाजल्या. मान्यवरांना पुढचा कार्यक्रम होता. ते कोरडा कलश हातात घेऊन गाडीत बसले.

“अण्णा, पाणी कुठंय?” अध्यक्षांनी दबक्या आवाजात विचारलं.

“टाकीत आहे, सार. भरायला सांगितलं, भरलं. सोडण्यासारखं नाही.”

“उघडा.”

“बेडा, सार.” म्हणजे नको. ते हात जोडून म्हणाले. ते हसत नव्हते. त्यांचा हसरा नसलेला चेहरा मी पहिल्यांदाच पाहिला.

दुपारी चार वाजता कमिटीची तातडीची सभा झाली. मी बोलणार होते. पण सेक्रेटरीला इतिवृत्त लिहायचं असतं, आणि लिहिणाऱ्याला मध्ये बोलता येत नाही, ही सोय मला त्याच दुपारी सापडली. ठराव एकमताने झाला असं मी लिहिलं. ते खोटं नव्हतं, कारण माझं मत कोणी विचारलं नाही आणि मी दिलं नाही. शिस्तभंगाबद्दल सेवा समाप्त, खोल्या आठवड्यात रिकाम्या. घरी आले तेव्हा नवऱ्याने विचारलं, “बोललीस का?”

“शुद्धलेखन नीट केलं,” मी म्हणाले.

त्याच संध्याकाळी ठेकेदाराच्या माणसाने वरची झडप शोधून उघडली. नळाला चहा आला आणि इस्पितळाचा वास आला. घराघरांतल्या मशीनच्या गाळण्या चार दिवसांत काळ्या पडल्या. लोकांनी त्या बदलल्या, पुन्हा बदलल्या, मग कॅन वाढवले. वॉचमनच्या केबिनबाहेरची खुर्ची रिकामी दिसायला लागली. एकाला जुलाब, मग दुसऱ्याला. बांधकामावरच्या दोन लहान मुली देवनहळ्ळीच्या सरकारी दवाखान्यात सलाइनवर होत्या, हे मला कामवाल्या बाईंकडून कळलं. मी बिस्किटं घेऊन गेले. बिस्किटांना तिथे काही काम नव्हतं. त्यांच्या आईने मला खुर्ची दिली आणि ती स्वतः उभी राहिली. मी कोण आहे हे तिला ठाऊक नव्हतं, आणि मी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी बाटली घेऊन स्वतः लॅबमध्ये गेले. अध्यक्षांच्या जागी मीच सही केली, कोणी तपासली नाही. लॅबमधल्या मुलीने बाटली बघून तोंड वाकडं केलं. इतक्या दिवसांचा नमुना चालत नाही, ती म्हणाली, नवीन आणा. मी नवीन नेला. अहवाल आला: पिण्यास अयोग्य. भाजलेल्या पाइपातून काय उतरतं ते त्यात नव्हतं. ती चाचणी त्या लॅबमध्ये होत नव्हती, आणि शहरात ती कुठे होते हे तिला माहीत नव्हतं. अहवाल मी ग्रुपवर टाकला. अध्यक्षांनी आभार मानले. तळ्याचा पुरवठा ‘देखभालीसाठी’ बंद झाला आणि टँकर परत आले. म्हणजे अण्णांनी सांगितलं होतं तेच झालं, फक्त तोपर्यंत अण्णा लेआउटमध्ये नव्हते, आणि एक मुलगी अजून दवाखान्यात होती. ती वाचली. तिचं कुटुंब दुसऱ्या बांधकामावर गेलं.

अण्णांना परत बोलवावं, असं मी सभेत अखेर म्हणाले. मोठ्याने म्हणाले. खोल्यांमध्ये ठेकेदाराने सामान ठेवलं आहे, असं उत्तर आलं, आणि पुढचा विषय पार्किंगचा होता.

मे महिन्यात मी त्यांना शोधत सर्जापूर रोडला गेले. मेहुणीच्या खोली-स्वयंपाकघरात ती दोघं आणि मेहुणीकडची चौघं राहत होती. मी अहवालाची प्रत नेली होती. का नेली होती ते मला आजही नीट सांगता येत नाही. अण्णांनी चष्मा लावून ती पूर्ण वाचली, घडी केली आणि परत दिली.

“हे मला कशाला दाखवता, अक्का? मला माहीत होतं. ज्यांना माहीत नव्हतं त्यांना दाखवा.”

“त्यांनाही माहीत होतं,” मी म्हणाले.

“सरी,” ते म्हणाले. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. चहा आला, तो मेहुणीने आणला. निघताना मी विचारलं, काम मिळालं का? मिळालं होतं. तिथल्याच एका गाड्या धुण्याच्या केंद्रात ते पंप आणि फिल्टर सांभाळतात. गाड्यांच्या रंगावर डाग पडू नयेत म्हणून तिथे पाणी तीनदा गाळतात.